घरचं काही लिहू नकोस

१२ जानेवारी

भुंग्या,

आधी हे पत्र उघडून वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. साहेब, यात लपवाछपवीचं काही नाही, सगळं गाण्यांबद्दल आहे. कंटाळा आला तर मधली पानं सोडा, पण पत्र त्याच्या हातात पडू द्या.

आता तुझ्याशी. गेल्या भेटीत जाळीच्या पलीकडून तू म्हणालास, "ताई, आता येत जाऊ नकोस. लिहावंसं वाटलं तर गाण्यांबद्दल लिही. नवीन काय ऐकलंस, कुठला शो पाहिलास, एवढंच. घरचं काही लिहू नकोस." मी बरं म्हटलं, आणि तरी पुढच्या महिन्यात येऊन उभी राहिले. शिपाई आत जाऊन आला. "भेटायचं नाही म्हणतोय," म्हणाला, आणि मग मला पाणी हवंय का विचारलं. माझं तोंड कसं झालं असेल बघ, की तुरुंगाच्या शिपायाला कणव आली.

तर तुझ्या अटीवर पत्र. अडचण एकच होती, लिहायला गाणंच नव्हतं. त्या सकाळनंतर मी घरात काही लावलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मालक रेडिओ लावतात, तो मी काच घासायच्या मशीनच्या आवाजात बुडवून टाकायचे. पण तू मागितलंस म्हणजे कुठून तरी आणायला हवं. म्हणून गेल्या रविवारी बाहेर पडले.

एका सुताराच्या कारखान्यात दुपारचा शो होता. करवतीचं टेबल भिंतीला सरकवलेलं, बसायला फळ्या, आणि सगळीकडे भुसा. बँडचं नाव 'ओला टॉवेल'. हसलास ना? दोघीच जणी. एक चेलो वाजवते, दुसरी नुसत्या बेस गिटारवर गाते. चेलोवाली पोहायला शिकवते, केस ओलेच होते तिचे. दोन जाड आवाजाची वाद्यं एकत्र आली की ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी गुरगुरायला लागतं, तसं झालं. वरचा सूर कुठेच नाही. गाणारी पण वर जात नाही, बोलल्यासारखं गाते, आणि वाटतं आता चढेल, आता चढेल, आणि ती चढतच नाही. तिसऱ्या गाण्यात ती एकदाच वर गेली, अर्ध्या ओळीपुरती. माझ्या शेजारचा दाढीवाला माणूस "आई गं" म्हणाला.

मी तेव्हा डावीकडे मान वळवून "हे ऐक" म्हणाले. सवयीने. डावीकडे दाजी उभा राहायचा ना.

साहेब, तुम्हाला संदर्भ लागावा म्हणून सांगते. दाजी म्हणजे माझा नवरा. माझा भाऊ त्याला दाजी म्हणायचा म्हणून सगळा बँडच म्हणायला लागला, मग लोकही. बँडचं नाव 'गळका नळ'. भाऊ गायचा, दाजी ड्रमवर, लांबू बेसवर. गाडी भाऊ चालवत होता. पुढचं तुमच्या कागदांत असेलच.

हे घरचं झालं का रे? झालं असेल तर तेवढं सोड.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

भुंग्या,

उत्तर आलं नाही. येईल असं तू म्हणालाही नव्हतास, तेव्हा तक्रार नाही.

या वेळचा शोध दुकानातच लागला. एक शाळामास्तर डोळे तपासायला आले. पन्नाशीचे, पोट सुटलेलं, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. मी त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचा म्हटलं. तर हा गृहस्थ तालात वाचायला लागला! प्रत्येक ओळीच्या शेवटी समेवर येऊन थांबायचा. मी विचारलं, "तुम्ही गाता का?" लाजले बिचारे. म्हणाले, "अ‍ॅकॉर्डियन वाजवतो. रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात. या तुम्ही."

गेले. खरंच जिन्यात. मास्तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या चौकात खुर्ची टाकून बसलेले, ऐकणारे खालच्या-वरच्या पायऱ्यांवर. मधूनच कुणीतरी बाजाराच्या पिशव्या घेऊन वर जायचं, मग सगळ्यांनी गुडघे आवळायचे. एका गाण्याच्या मध्यावर चौथ्या मजल्यावरच्या आजी कुत्र्याला घेऊन उतरल्या. कुत्रं मास्तरांसमोर थांबलं आणि एक लांब सूर लावला. मास्तरांनी वाजवता वाजवता त्याच सुरात गाणं बदललं! लोक खो-खो हसले. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसलं की जबडा दुखतो, माहीत आहे तुला? दुखत असेल म्हणा, तुलाही.

मास्तर स्वतःच गाणी लिहितात आणि घरीच रेकॉर्ड करून टाकतात. ऐकणारे बोटांवर मोजण्याएवढे. मी म्हटलं, "मोठ्या ठिकाणी का नाही वाजवत?" तर म्हणाले, "बाई, मोठ्या ठिकाणी जिना नसतो. आवाज वर जाणार कुठून?"

हे वाक्य मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान सुद्धा वर केली नाही. दाजीच्या ड्रमवरची चादर बदलत होत्या त्या. दर रविवारी धुतलेली चादर घालतात, चारी कोपरे ओढून, जसं काही आजारी माणसाचं अंथरूण. मला हात लावू देत नाहीत.

बघ, परत घरचं आलं. काय करू, मास्तरांचं संपलं की मला घरीच यावं लागतं.

ताई

९ एप्रिल

भुंग्या, भुंग्या, भुंग्या,

सापडलं!

मला माहीत आहे तू म्हणणार, ताई दर महिन्याला असंच म्हणते. पण हे वेगळं आहे. बँडचं नाव 'उद्या बंद'. तीन मुलं आणि एक मुलगी, कुठल्याशा बंद पडलेल्या बेकरीत सराव करतात. शटरवर आधीची पाटी तशीच राहिली होती, तेच नाव ठेवलं. गाणी त्यांनी स्वतःच टाकली आहेत. आवाज असा, की मागे भट्टीच्या पत्र्याची थरथर पण येते.

त्यांचं एक गाणं आहे, 'शिडी धर'. एवढंच काय ते: एक बाई घराची भिंत रंगवतेय आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला सांगतेय. "शिडी धर, मी वर जाते. तू खालीच थांब." सुरुवातीला नुसती गिटार, तीही अशी की वाजवणारा अजून ठरवतोय वाजवावं की नाही. मग मुलगी गाते, अगदी साधं. आणि मग ड्रम येतात. कसे येतात सांगू? दारावरची घंटा न वाजवता घरातलाच माणूस आत येतो ना, तसे. तुला कळतच नाही की कधी आले. आणि मग ते आहेतच.

दाजीला हे ड्रम आवडले असते रे. तो म्हणायचा ना, चांगला ड्रमर तो, ज्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. मी त्याला चिडवायचे, मग तू जगातला सर्वांत चांगला.

शेवटी ती बाई वरून काहीतरी विचारते आणि खालून उत्तर येत नाही. गाणं तिथेच संपतं. मी ते काल सकाळपासून लावतेय. हो, घरात. सासूबाई सुतकी तोंड करून बसतात, पण मी लावते. त्या सकाळनंतर पहिल्यांदा मला असं वाटलं, की हे आपण तिघांनी एकत्र ऐकायला हवं होतं. तू सुटलास की पहिलं हेच ऐकवणार आहे तुला. खुर्चीत बसवून, डोळे मिटायला लावून. "हे ऐक" म्हणून.

एक ओळ लिही ना रे. एक. साहेबांनो, त्याला सांगा.

ताई

३ जून

भुंग्या,

हे पत्र मी फाडून फाडून पुन्हा लिहितेय. आता जसं येईल तसं पाठवते.

लांबू आला होता. अजून लंगडतो, पण काठी सोडली. त्याच्या डोक्यात आहे, की ऑगस्टमध्ये दाजीच्या नावाने एक दुपारचा शो करायचा. 'गळका नळ'ची गाणी वाजवायची. ड्रमवर एक मुलगी मिळाली आहे त्याला, दवाखान्यात नर्स आहे. तुझ्या जागी कुणीच गाणार नाही, नुसती वाद्यं. मला म्हणाला, "ताई, तू एवढे शो बघतेस, सुरुवातीला कुणाला बोलवू सांग."

मी एका दमात म्हटलं, "उद्या बंद."

त्याच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने खाली ठेवला.

"दुसरं कुणीतरी सांग."

"का? ऐकलंयस का तू त्यांना? 'शिडी धर' ऐक, मग बोल."

"ऐकलंय. चांगलेच आहेत ते. पण ते नको."

"अरे, पण का?"

"तेच होतं, ताई."

मला कळलं नाही. "काय तेच?"

"गाडीत. मी मागे बसलो होतो. तो दाजीला म्हणाला, 'काय सापडलंय बघ, हे ऐक.' आणि फोनवर ते लावायला लागला. लावलं पण. सुरू झालं. मग आवाज वाढवायला म्हणून त्याने परत खाली बघितलं."

लांबूच बोलत राहिला, त्याला आता थांबता येत नव्हतं. गाडी उलटल्यावर फोन कुठेतरी सीटखाली गेला. काच फुटली नव्हती त्याची. लांबूचा पाय अडकला होता, आणि गाणं चालू होतं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. तू परत परत वाजेल असं लावून ठेवलं होतंस. माणसं येईपर्यंत ते वाजत राहिलं. तू दाजीला हाका मारत होतास आणि मधे ती मुलगी म्हणत होती, तू खालीच थांब.

कोर्टात फोन हातात होता का, एवढंच विचारलं. गाणं कुठलं ते कुणी विचारलं नाही. कशाला विचारतील?

भुंग्या, मला माहीत नव्हतं. आईची शपथ घेऊन सांगते, मला माहीत नव्हतं. एप्रिलचं ते पत्र मी आनंदात लिहिलं होतं. तू ते आत बसून वाचलं असशील. ड्रम कसे येतात ते वाचलं असशील. तुला खुर्चीत बसवून ऐकवणार आहे, असंही मी लिहिलं. तुला काय वाटलं? ताईने मुद्दाम केलं? ताईला कळलंय आणि ती आता अशी, हळूहळू, गोड बोलून सूड घेतेय?

तसं नाही रे. तसं नाही. एवढं एकदा लिहून पाठव की तुला तसं वाटलं नाही. नुसतं 'नाही' लिही. बाकी कोरा कागद चालेल.

ताई

२८ जुलै

भुंग्या,

रोज पेटी बघते. काही नाही.

मग आपली अट पाळू. गाण्यांबद्दल लिहिते.

'उद्या बंद' आपल्याकडे आले होते. जुन्या गॅरेजमध्ये, संध्याकाळी सहाचा शो. जाणार नव्हते. दुकानातून निघाले, घराकडे वळले, आणि पाय तिकडेच गेले. दारात पैसे घेणाऱ्या मुलीने मनगटावर शिक्का मारला. आत तेलाचा वास, खाली गाड्या दुरुस्त करायचा खड्डा फळ्यांनी झाकलेला, त्यावरच बँड उभा. गाणारी मुलगी किती लहान आहे रे! विशीची असेल. चष्मा आहे, आणि तो नाकावर नीट बसत नाही, दर ओळीनंतर वर ढकलते. फ्रेम चुकीची दिली आहे कुणीतरी तिला.

इतर गाणी कशी होती ते मला सांगता येणार नाही. मी त्या एकाची वाट बघत होते, फाशीच्या खोलीत बसल्यासारखी. लोक ओरडायला लागले, "शिडी! शिडी!" आणि गिटार सुरू झाली.

मी बाहेर पळाले नाही. मी ठरवलं होतं, की दाजीला जेवढं ऐकायला मिळालं त्याच्यापुढचं मी ऐकायचं. लांबू म्हणतो ड्रम यायच्या आधीच झालं. म्हणजे त्याने ते ऐकलेच नाहीत. मी ऐकले. सगळं गाणं उभी राहून ऐकलं, शेवटच्या त्या प्रश्नापर्यंत. माझ्या पुढे एक जोडपं होतं. मुलाने मुलीच्या खांद्यावर हनुवटी ठेवली होती. सगळं गॅरेज गात होतं. आपल्या माणसाच्या मरणाला लोकांनी चाल लावावी आणि त्यांना पत्ताही नसावा, तसं वाटत होतं. आणि कुणाला सांगायचं? कुणाचा काय दोष?

नंतर ती मुलगी टेबलापाशी हौसेने काढलेल्या कॅसेट विकायला उभी होती. मी समोर जाऊन उभी राहिले. ती हसली.

"आवडलं का?"

मी म्हटलं, "हो."

"पहिल्यांदाच आलात?"

"हो. भावाकडून कळलं तुमच्याबद्दल."

"मग त्यांनाही आणा पुढच्या वेळी!"

मी तिचा चष्मा काढून घेतला, तिथल्या तिथे नाकावरचे दोन्ही पॅड चिमटीने दाबून सारखे केले आणि परत दिला. "आता सरकणार नाही," म्हटलं. तिला काही कळलं नाही, पण थँक्यू म्हणाली. घरी येऊन मी न जेवता झोपले.

ताई

३० ऑगस्ट

भुंग्या,

दाजीचा शो झाला.

ड्रम आमच्या घरून न्यायचे होते. लांबूने सासूबाईंना विचारलं, तेव्हा त्या आत निघून गेल्या. मग सकाळी टेम्पो आला तर त्यांनी स्वतः चादर काढली, घडी केली आणि म्हणाल्या, "मीही येते." त्यांना शो म्हणजे काय ते ठाऊक नाही. दाजी वाजवायला लागल्यापासून एकदाही आल्या नव्हत्या. "टिनपाटं बडवायला जातो," म्हणायच्या ना.

शाळेचा हॉल घेतला होता. माणसं बरी आली. जिन्यातले मास्तर आले, ओल्या टॉवेलवाल्या दोघी आल्या. सासूबाईंना मी पहिल्या रांगेत बसवलं. त्यांनी चांगली साडी नेसली होती आणि पर्स मांडीवर घट्ट धरली होती, बसमध्ये धरतात तशी.

नर्स छान वाजवते. खोटं कशाला सांगू. हलका हात, चुकत नाही. माइक तेवढा मधे उभा ठेवला होता, तुझ्या जागी, कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. 'पंक्चर' वाजवलं त्यांनी, 'मामाचं कपाट' वाजवलं. तुझ्या ओळी जिथे यायच्या तिथे लोक पुटपुटत होते. लांबू डोळे मिटून होता.

तिसऱ्या गाण्याला सासूबाई उठल्या. मला वाटलं बरं वाटत नाही. त्या स्टेजच्या कडेला गेल्या, नर्सकडे नीट बघितलं, परत आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "हा त्याचा हात नाही."

मी म्हटलं, "नाही आई. त्याचा कसा असेल?"

"मग घरी चल."

मी त्यांना घेऊन निघाले. रिक्षात त्या म्हणाल्या, "पलीकडच्या खोलीत वाजवायचा तेव्हा मला भिंतीतून कळायचं, आज रागात आहे, आज खुशीत आहे. मी ओरडायचे बंद कर म्हणून. पण मला कळायचं."

ड्रम परत आले आहेत. त्यांनी चादर घातली नाही. नर्सला देऊन टाक म्हणाल्या.

एवढंच सांगते, मोठा शो झाला, लोक रडले, टाळ्या वाजल्या. आणि कुणाचं काही परत आलं नाही.

ताई

१८ सप्टेंबर

भुंग्या,

तुरुंगातून कागद आला. चांगल्या वागणुकीची सूट धरून तुझी सुटका पुढच्या महिन्यात. मी तो कागद तीनदा वाचला आणि मग मला घाम फुटला.

आज गाणी नाहीत. अट मोडते. काय करशील, भेटायचं बंद करशील?

मागची खोली रिकामी केली आहे, ड्रम गेले त्या जागी पलंग टाकला. तुझे कपडे लांबूकडून आणले. पँट सैल होईल तुला, पट्टा घेऊन ठेवते. मालकांशी बोलले, ते म्हणाले, फ्रेम पॅक करायला माणूस लागतोच, बघू.

राहिल्या सासूबाई. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "तो या दारातून आत, तर मी त्याच दारातून बाहेर." जाणार कुठे त्या? त्यांना माझ्याशिवाय कोण आहे? आणि मला तरी त्यांच्याशिवाय आणि तुझ्याशिवाय कोण आहे? एकाने यावं म्हणून दुसरीने जावं, असं मी कसं करू? दोन दिवस मी ताट वाढायचे, त्या जेवायच्या, भांडी घासायच्या.

काल मी काचा पुसत होते तर मागून म्हणाल्या, "त्याला काय आवडतं जेवायला?"

मी म्हटलं, "काहीही खातो तो. का?"

"विचारलं आपलं." मग थोड्या वेळाने, "येऊ दे. मला त्याला समोर बसवून बोलायचंय."

"काय बोलणार आई?"

"ते मी त्याच्याशीच बोलेन. तू मधे पडायचं नाहीस."

पण येऊ दे म्हणाल्या त्या! आजकाल स्वयंपाकघरात एकट्याच पुटपुटत असतात. मी गेले की थांबतात. बोल घोकत असाव्यात, परीक्षेला बसलेल्या पोरासारख्या.

तू घाबरू नकोस. मी मधे पडणार नाही म्हटलं तरी मी जवळच असेन. सकाळी दारापाशी येते. ये फक्त.

ताई

६ ऑक्टोबर

भुंग्या,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला ठाऊक नाही. लांबूला देऊन ठेवीन. कधी कुठल्या शोला मागच्या भिंतीशी तू उभा दिसलास तर तो देईल.

मी सकाळीच पोचले होते. पट्टा पिशवीत होता, आणि धुतलेला शर्ट. माझ्यासारख्या आणखी दोन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ वाट बघत होते. त्यांची त्यांची माणसं आली, गेली. मग मी छोट्या दाराशी जाऊन तुझं नाव सांगितलं. तोच शिपाई होता. त्याने मला ओळखलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"तो गेला की, बाई. परवाच सोडलं त्याला."

"मला आजची तारीख कळवली होती."

"दोन दिवसांची सूट आणखी वाढली, म्हणून आधी सोडलं. घरी कळवू का विचारलं होतं साहेबांनी. नको म्हणाला."

"कुठे गेला?"

"बसस्टॉपकडे गेला एवढं बघितलं. हातात पिशवी होती."

"माझी पत्रं वाचायचा का तो?"

शिपायाने खाली बघितलं. "ते मला नाही माहीत. द्यायचो आम्ही. घ्यायचा."

आता तुला जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तू दाराआड नाहीस, येणार नाहीस, हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं? हायसं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरलं. तू माझ्या समोर येशील, तुझे हात मला दिसतील, आणि त्या हातांकडे बघून मला काय होईल ते पाहावं लागणार नाही, म्हणून बरं वाटलं. एवढ्या पत्रांतून मी तुला ये ये म्हणत होते, आणि तू आला नाहीस तर मला बरं वाटलं. मग मी तिथल्या कठड्यावर बसले आणि मला उठताच येईना. कारण तुला ते माहीत होतं. तू मला ओळखतोस. म्हणूनच तू परवा गेलास.

आई गेल्यावर तुला मी वाढवलं. तुझ्या नाकाला पदर लावला, तुझी पहिली गिटार माझ्या हाताने घरी आणली. आणि आता तुझ्या-माझ्यात त्याचं मरण असं आडवं पडलंय, की त्याला ओलांडून यायला तुझे पाय उचलत नाहीत आणि माझे हात पुढे होत नाहीत. माया आटली असती तर सोपं होतं. ती तशीच आहे. तिचं करायचं काय, तेवढं कळत नाही.

घरी आले तेव्हा दुपार टळली होती. सासूबाईंनी पाट मांडले होते. तीन ताटं, तीन वाट्या, तुझ्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या. स्वतः केस विंचरून बसल्या होत्या. दार उघडलं तशा माझ्या मागे बघायला लागल्या.

"कुठंय तो?"

"नाही आला, आई. परवाच गेला म्हणे."

"कुठे?"

"माहीत नाही."

त्या उठल्या. तुझं ताट उचललं, फडताळाकडे गेल्या, तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. दाजी गेला तेव्हाही या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, लोक नावं ठेवत होते. आणि आता ते ताट छातीशी धरून त्या हमसाहमशी रडायला लागल्या. मी जवळ गेले तर मला कोपराने ढकललं.

"त्याला शिव्या द्यायच्या होत्या मला," म्हणाल्या. "तोंडावर. सगळं पाठ केलं होतं मी. आता कुणाला देऊ?"

मी म्हटलं, "मला द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुला देऊन काय होणार?"

आम्ही दोघी जेवायला बसलो. त्यांनी केलं होतं म्हणून मी खाल्लं, आणि मी खात होते म्हणून त्यांनी.

ताई